पोर्टला कोणी वाली आहे का? लिनक्सवरच्या गेमिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरातला धडधाकट पीसी भंगारात देण्यापेक्षा त्यावर लिनक्स टाकावे, असा विचार करणाऱ्यांचे गेमिंगविषयीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. दोन शब्द आधी स्पष्ट करून घेऊ. गेम खास लिनक्ससाठी बांधलेला असेल तर तो नेटिव्ह पोर्ट. विंडोजसाठी बांधलेला गेम तसाच घेऊन, तो विंडोजकडे जे जे मागतो ते लिनक्सकडून मिळवून देणारा थर म्हणजे वाइन. वाइनचे काम १९९३पासून चालू आहे. ‘स्टीम’ हे गेमचे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने ऑगस्ट २०१८मध्ये त्यावर आधारलेला प्रोटॉन स्टीममध्ये आणला.

प्रश्न : स्टीमवरच्या माझ्या काही गेमना लिनक्सची स्वतःची आवृत्ती आहे. ती प्रोटॉनपेक्षा वेगाने चालायला हवी ना? पण २०१५च्या सुमाराचा एक गेम प्रोटॉन लावल्यावर जास्त सुरळीत चालतोय. माझं काही चुकतंय का?
– एक वाचक, कोपरखैरणे

तुमचे काही चुकत नाही. ‘नेटिव्ह’ हा शब्द गेम कसा बांधला एवढेच सांगतो. त्याला आज कोणी वाली उरला आहे का, हे सांगत नाही. आणि खेळणाऱ्याच्या दृष्टीने दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची.

फेब्रुवारी २०१३मध्ये स्टीम लिनक्सवर आले, नोव्हेंबर २०१५मध्ये स्टीम मशीन्स ही लिनक्सवर चालणारी गेमिंगची यंत्रे बाजारात आली. त्या लाटेत खूप पोर्ट झाले. त्यांतले बरेच मूळ कंपनीने न करता पोर्टिंगचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांकडून करून घेतले. गेमचा चित्रणाचा भाग डायरेक्टथ्रीडी या विंडोजच्या चित्रण-प्रणालीवर लिहिलेला. तो नव्याने लिहिण्याइतका वेळ आणि पैसा कोणाकडे नव्हता. मग डायरेक्टथ्रीडीच्या आज्ञांचे लिनक्सवर चालणाऱ्या ओपनजीएलमध्ये भाषांतर करून देणारा थर गेमच्याच पोटात बसवला जाई. २०१४मध्ये आलेल्या ‘द विचर २’च्या लिनक्स आवृत्तीत ‘इऑन’ नावाचा असाच थर होता, आणि सुरुवातीला तिच्या वेगाबद्दल खेळणाऱ्यांची मोठी नाराजी झाली होती. म्हणजे भाषांतर दोन्हीकडे आहेच. पोर्टच्या पोटातले भाषांतर शेवटच्या पॅचच्या दिवशी गोठले. प्रोटॉनमधले डीएक्सव्हीके (डायरेक्टथ्रीडी ८ ते ११साठी) आणि व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन (डायरेक्टथ्रीडी १२साठी) हे भाषांतराचे थर आजही दुरुस्त होत आहेत. शिवाय हे दोन्ही व्हल्कन या नव्या चित्रण-प्रणालीवर उभे आहेत. ओपनजीएलमध्ये चित्रणाच्या आज्ञा बहुधा एकाच थ्रेडमधून, म्हणजे एकाच रांगेतून जातात, त्यामुळे गर्दीच्या दृश्यात प्रोसेसरचा एक कोअर पूर्ण भरतो, बाकीचे रिकामे राहतात आणि ग्राफिक्स कार्ड कामाची वाट पाहत बसते. तुमच्या गेममध्ये हेच होत असण्याची शक्यता मोठी आहे.

पोर्टला वाली आहे का, हे ओळखायला दहा मिनिटे पुरतात. गेमच्या मुख्य मेनूत दिसणारा आवृत्ती क्रमांक विंडोजवर खेळणाऱ्या मित्राच्या क्रमांकाशी ताडून पाहा. शेवटचे एक्स्पान्शन लिनक्सवर मिळते का ते पाहा. मल्टिप्लेअर गेम असेल तर आवृत्ती जुळली नाही की एकमेकांची खोलीच दिसत नाही, तिथे निर्णय आपोआप होतो. कधी कधी तर कंपनी सरळ हात वर करते: ‘रॉकेट लीग’ने मार्च २०२०मध्ये लिनक्स आणि मॅकचा आधार काढून घेतला.

उलट, ज्यांनी स्वतःच लिनक्सकडे लक्ष ठेवले आहे त्यांचा पोर्ट बदलू नका. ‘फॅक्टोरिओ’ हे उत्तम उदाहरण. लिनक्समध्ये चालू प्रोग्रॅमची क्षणात दुसरी प्रत काढता येते. तो गेम ही सोय वापरून सेव्ह करण्याचे काम त्या प्रतीवर सोपवतो आणि तुमचा खेळ थांबत नाही. मोठ्या कारखान्यात हा फरक चांगलाच जाणवतो. विंडोजच्या आवृत्तीत ही सोय नाही, त्यामुळे प्रोटॉनमधूनही ती मिळणार नाही. (सेटिंग्जमध्ये ती वेगळी चालू करावी लागते.)

पोर्टवरून प्रोटॉनवर जायचे तर आधी सेव्ह फाइल्सची प्रत काढा, मग पुढचे. युनिटी या गेम-इंजिनावर बनलेल्या गेमच्या नेटिव्ह फाइल्स साधारणपणे होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘.कॉन्फिग’मध्ये ‘युनिटी३डी’ नावाच्या फोल्डरात असतात. प्रोटॉनच्या फाइल्स स्टीमच्या ‘कॉम्पॅटडेटा’ फोल्डरात त्या गेमच्या क्रमांकाखाली, आत खोटा सी-ड्राइव्ह आणि त्यात ‘स्टीमयूझर’ या नावाने असतात. सेव्ह फाइल बहुतेक वेळा एका जागेवरून दुसरीकडे तशीच चालते. सेटिंग्ज मात्र येत नाहीत, कारण विंडोजवर युनिटी ती रजिस्ट्री या विंडोजच्या नोंदवहीत ठेवते आणि लिनक्सवर साध्या फाइलमध्ये. प्रत काढली की गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथल्या चौकटीवर खूण आणि यादीतून प्रोटॉनची ताजी स्थिर आवृत्ती. स्टीम आता लिनक्सच्या फाइल्स काढून विंडोजच्या उतरवेल. हे काही जीबींचे काम असू शकते, मोबाइल हॉटस्पॉटवर करू नका. पहिल्यांदा उघडताना क्लाउडमधली सेव्ह ठेवायची की पीसीवरची, असे विचारले तर तारीख वाचल्याशिवाय बटण दाबू नका. इथे एका क्लिकमध्ये चाळीस तासांचा खेळ जातो.

तुलना करताना मँगोहड हे गेमवर वेग दाखवणारे साधन बसवा आणि सरासरी एफपीएसकडे (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रांच्या संख्येकडे) न पाहता फ्रेमटाइमच्या (प्रत्येक फ्रेमला लागणाऱ्या वेळेच्या) रेषेकडे पाहा. ६० एफपीएसला एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. रेषा सपाट हवी. पहिल्या फेरीत शेडर (चित्रणाचे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असतात म्हणून झटके बसतात, ती फेरी धरू नका. तेच दृश्य दुसऱ्यांदा खेळून मग ठरवा.

प्रश्न : चौथ्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, वेगळं कार्ड नाही. लिनक्स मिंट टाकलंय. भाचा म्हणतो प्रोटॉनवर सगळं चालतं, इथे काहीच उघडत नाही. वाशीत जुनं जीटीएक्स ६६० स्वस्तात मिळतंय, घेऊ का?
– एक वाचक, ऐरोली

६६० घेऊ नका. कारण समजून घ्या, म्हणजे दुसरे कार्डही नीट निवडता येईल.

डीएक्सव्हीके २.० नोव्हेंबर २०२२मध्ये आले तेव्हापासून त्याला व्हल्कन १.३ लागते. तुमच्या प्रोसेसरमधल्या एचडी ४६०० ग्राफिक्सकडे ते पुरेसे नाही, म्हणून गेम बंद पडतात. जीटीएक्स ६६० हे केप्लर पिढीचे. त्याचा शेवटचा ड्रायव्हर ४७० शाखेचा आणि त्यातही १.३ नाही. त्यावर प्रोटॉन ७पर्यंतच्या जुन्या आवृत्त्यांत अडकून राहाल.

जीटीएक्स ७५० टीआय मॅक्सवेल पिढीचे आहे, त्याला १.३ मिळते आणि ते सुमारे ६० वॉटमध्ये भागवते. पण एनव्हिडियाने त्या पिढीसाठी ड्रायव्हरची ५८० ही शेवटची शाखा ठरवली आहे. आमचा कौल एएमडीच्या आरएक्स ५७०ला. त्याचा ड्रायव्हर लिनक्सचे कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि मेसा (खुल्या चित्रण-ड्रायव्हरचा संच) यांमध्येच येतो, वेगळे काही उतरवावे लागत नाही. अडचण विजेची: हे कार्ड सुमारे १५० वॉट खाते, बहुतेक मॉडेलना ८ पिनची जोडणी लागते आणि साधारण ४५० वॉटचा चांगला पॉवर सप्लाय हवा. ऑफिसमधून निघालेल्या ब्रँडेड पीसीत अनेकदा २४० ते ३०० वॉटचा सप्लाय असतो, ८ पिनची वायरच नसते. मोलेक्सवरून ॲडॉप्टर लावून वेळ मारून नेऊ नका, वायर तापते. अशा पीसीत ७५० टीआयच बरे. जुनी ५७० कार्डे क्रिप्टो मायनिंगमध्ये खूप वापरली गेली आहेत. घेण्यापूर्वी दुकानातच अर्धा तास लोड देऊन पाहा, पडद्यावर ठिपके किंवा रेघा आल्या तर परत ठेवा.

कार्ड बसवल्यावर ‘व्हल्कन-टूल्स’ पॅकेज टाका आणि टर्मिनलमध्ये ‘व्हल्कनइन्फो’ ही आज्ञा ‘समरी’ पर्यायासह चालवा. कार्डाच्या नावाखाली एपीआय आवृत्ती १.३ किंवा पुढची दिसली पाहिजे. फक्त ‘एलएलव्हीएमपाइप’ असे नाव आले तर चित्रण प्रोसेसरवर चालले आहे, म्हणजे ड्रायव्हर लागलेला नाही. ३२ बिटची ड्रायव्हर पॅकेजेसही टाका. नवे गेम चालतात आणि दहा वर्षांपूर्वीचे उघडताच मिटतात, ही त्यांच्या अभावाची नेहमीची खूण.

कार्ड येईपर्यंत सध्याच्या पीसीवरही खेळता येईल, आणि इथे जुना नेटिव्ह पोर्ट कामाला येतो: त्याला ओपनजीएल पुरते, व्हल्कन लागत नाही. ज्यांचे इंजिन खुल्या कोडमध्ये जपले जात आहे ते गेम तर फारच चांगले चालतात. ‘ओपनटीटीडी’, ‘सुपरटक्सकार्ट’, ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ फुकट आहेत. मूळ ‘डूम’च्या फाइल्स असतील तर ‘जीझेडडूम’, ‘मॉरोविंड’ विकत घेतला असेल तर ‘ओपनएमडब्ल्यू’. ‘डूम’चा कोड डिसेंबर १९९७मध्ये खुला झाला म्हणून तो आजही प्रत्येक नव्या प्रणालीवर चालतो. वालीपणाची याहून पक्की सोय नाही.

प्रश्न : पुतण्याला व्हॅलोरंट खेळायचंय. काही जुगाड?
– एक वाचक, डोंबिवली

नाही. त्याची व्हॅनगार्ड ही अँटी-चीट (खेळातली फसवेगिरी पकडणारी) यंत्रणा विंडोजच्या कर्नलमध्ये बसते. वाइन प्रोग्रॅमच्या मागण्या पुरवते, पण तिच्याखाली विंडोजचे कर्नल नसतेच. व्हर्च्युअल मशीनच्या वाटेने गेल्यास खाते बंद होण्याची भीती आहे.

ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दुसऱ्या अँटी-चीट यंत्रणांची गोष्ट वेगळी. सप्टेंबर २०२१पासून दोन्ही प्रोटॉनमध्ये चालू शकतात, पण परवानगी गेम बनवणाऱ्याने द्यायची असते आणि तो ती काढूनही घेऊ शकतो. ‘एपेक्स लेजंड्स’ने ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी लिनक्सचे दार बंद केले. ‘जीटीए ५’मध्ये सप्टेंबर २०२४ला बॅटलआय आले, एकट्याने खेळायची कथा प्रोटॉनवर चालते, ऑनलाइन भाग नाही. म्हणून फक्त ऑनलाइन चालणाऱ्या गेमसाठी पैसे भरण्यापूर्वी त्या आठवड्यातली स्थिती तपासा, मागच्या वर्षीचा व्हिडिओ पाहून ठरवू नका. पुतण्याला ‘काउंटर-स्ट्राइक २’ किंवा ‘डोटा २’ चालत असेल तर दोन्ही लिनक्सवर नेटिव्ह आहेत आणि व्हॉल्व्ह स्वतः सांभाळते.

प्रश्न : पीसीवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. डी-ड्राइव्हवरचे गेम दोन्हीकडून वापरायचे म्हणून तोच फोल्डर लिनक्समधल्या स्टीमला दाखवला. नेटिव्ह गेम चालतात. प्रोटॉनवाले ‘प्ले’ दाबलं की क्षणभर काहीतरी करून पुन्हा ‘प्ले’वर येतात.
– एक विद्यार्थी, कळवा

डी-ड्राइव्ह एनटीएफएस या विंडोजच्या फाइल-पद्धतीत आहे, दोष तिथे. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटे खोटे विंडोज तयार करतो, त्यालाच प्रीफिक्स म्हणतात. त्यात सी आणि झेड या अक्षरांपुढे अपूर्णविराम असलेल्या नावाच्या लिंक्स असतात. विंडोजला फाइलच्या नावात अपूर्णविराम चालत नाही. त्यामुळे एक तर त्या लिंक्स तयारच होत नाहीत, नाही तर तयार होतात आणि पुढे विंडोजची डिस्क तपासणी त्यांना बिघाड समजून मोडते. दुसरे, वाइनला प्रीफिक्सचा फोल्डर तुमच्या मालकीचा लागतो; एनटीएफएस ड्राइव्ह अनेकदा रूट या मुख्य प्रशासकाच्या नावावर जोडला जातो. नेटिव्ह गेमला प्रीफिक्स लागतच नाही, म्हणून ते सुटले.

आधी विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा आणि पीसी पूर्ण शटडाउन करा. ते चालू असेल तर विंडोज ड्राइव्ह अर्धवट झोपलेल्या अवस्थेत सोडते आणि लिनक्स तो फक्त वाचण्यापुरता उघडतो. मग ड्राइव्ह कसे जोडायचे ते सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये त्या ड्राइव्हच्या ओळीत तुमचा वापरकर्ता क्रमांक द्या. एकच वापरकर्ता असेल तर यूआयडी (वापरकर्ता क्रमांक) आणि जीआयडी (गट क्रमांक) दोन्ही बहुधा १०००. आता स्टीम बंद करा. डी-ड्राइव्हवरच्या ‘स्टीमॲप्स’मधला ‘कॉम्पॅटडेटा’ फोल्डर उघडून आत सेव्ह असतील तर बाहेर काढा, फोल्डर काढून टाका. त्या जागी, होममधल्या स्टीमच्या स्वतःच्या ‘कॉम्पॅटडेटा’ फोल्डरकडे नेणारी सिम्बॉलिक लिंक ठेवा. प्रीफिक्स आता लिनक्सच्या ईएक्सटी४ विभाजनावर राहतील, मोठ्या फाइल्स डी-ड्राइव्हवर.

ही सोय तात्पुरती समजा. महिनाभरात विंडोज उघडलेच नाही असे लक्षात आले, तर ड्राइव्ह रिकामा करून ईएक्सटी४ करून टाका. पावसाळ्यात वीज मध्येच गेली की एनटीएफएस ड्राइव्ह दुरुस्त करायला पुन्हा विंडोजच शोधावे लागते.

प्रश्न : सिस्टिम अपग्रेड केल्यापासून एक जुना नेटिव्ह गेम उघडतच नाही. संदेशही येत नाही.
– एक वाचक, नेरूळ

लिनक्सचे कर्नल जुन्या प्रोग्रॅमशी वर्षानुवर्षे शब्द पाळते. भोवतालच्या लायब्ऱ्या (प्रोग्रॅमना लागणारे तयार कोडचे संच) तेवढ्या पाळत नाहीत. गेम २०१४च्या लायब्ऱ्या शोधतो, त्या आता नाहीत.

स्टीमचा गेम असेल तर कम्पॅटिबिलिटीच्या यादीत प्रोटॉनऐवजी ‘स्टीम लिनक्स रनटाइम १.०’, म्हणजे ‘स्काउट’ निवडा. उबुंटू १२.०४च्या काळातल्या लायब्ऱ्यांचा तो संच आहे. निम्मे रुसलेले गेम एवढ्याने उठतात. स्टीमबाहेरचा असेल तर टर्मिनलमधून चालवा, निदान संदेश दिसेल. गेमच्या मुख्य फाइलवर, तिला लागणाऱ्या लायब्ऱ्या दाखवणारी ‘एलडीडी’ आज्ञा चालवून ‘नॉट फाउंड’ लिहिलेल्या ओळी वाचा. संदेशात ‘एक्झिक्युटेबल स्टॅक’ असा शब्द आला तर कारण २०२५च्या सुरुवातीला आलेल्या जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.४१ आवृत्तीत आहे, त्या आवृत्तीने सुरक्षिततेसाठी जुनी एक मुभा बंद केली. मोड (गेममध्ये बदल करणारी भर) टाकल्यानंतर बंद पडला असेल तर फाइलच्या नावांतली लहान-मोठी अक्षरे तपासा, विंडोजवर बनवलेल्या मोडमध्ये ती हमखास चुकतात.

एवढे करून हलला नाही तर विंडोजची आवृत्ती घेऊन प्रोटॉनवर चालवा. जीओजी किंवा एपिक या दुकानांतला असेल तर हिरोइक लाँचरमधून तेच करता येते. विंडोजची जुनी प्रोग्रॅमिंगची चौकट इतकी न बदलता राहिली आहे की लिनक्सवर जुना गेम जिवंत ठेवायला तीच जास्त भरवशाची निघते. हे मान्य करताना वाईट वाटते, पण वस्तुस्थिती अशी आहे.

प्रश्न : आम्ही दोघं गोडो या गेम-इंजिनमध्ये एक छोटा मराठी गेम बनवतोय. लिनक्ससाठी वेगळा बिल्ड द्यावा की विंडोजचाच देऊन प्रोटॉनवर सोडावं?
– दोन वाचक, घोडबंदर रोड

गोडोत लिनक्सचा बिल्ड काढणे दोन क्लिकचे काम आहे. तो सांभाळणे हे खरे काम. प्रत्येक पॅच दोन्हीकडे एकाच दिवशी देणार असाल आणि प्रत्येक वेळी लिनक्सवर अर्धा तास खेळून पाहणार असाल, तर जरूर द्या. ते होणार नसेल तर फक्त विंडोजचा बिल्ड द्या आणि तो प्रोटॉनवर तपासा. वर्षभराने मागे पडलेला नेटिव्ह बिल्ड विकत घेणाऱ्याला जास्त त्रास देतो: स्टीम लिनक्सवर सहसा तोच आधी उतरवते आणि खेळणाऱ्याला कळतही नाही की चांगली आवृत्ती बाजूलाच पडली आहे.

बिल्ड देणार असाल तर काही गोष्टी आजच ठरवा. सगळी फाइलनावे लहान अक्षरांत ठेवा. सी++मधली स्वतःची एक्स्टेन्शन जोडणार असाल तर ती ताज्या उबुंटूवर बांधू नका. २४.०४मध्ये जीलिबसी २.३९ आहे, तिथे बांधलेली फाइल २.३५ असलेल्या २२.०४वर उघडायलाच नकार देऊ शकते. व्हॉल्व्हचा ‘स्नायपर’ कंटेनर (बांधणीचे बंदिस्त वातावरण) डेबियन ११वर, म्हणजे २.३१वर आधारलेला आहे, त्यात बांधा. सेव्ह फाइल्स गेमच्या फोल्डरात लिहू नका, गोडोचा ‘यूझर’ मार्ग वापरा.

मराठी गेम असल्यामुळे दोन गोष्टी तुमच्याच आहेत. गोडो ४ वापरा; गोडो ३मध्ये जोडाक्षरे नीट जुळत नाहीत, ‘क्ष’ आणि ‘र्‍या’ फुटलेले दिसतात. आणि चालण्याच्या कळा वाचताना अक्षर न वाचता कळीची जागा वाचा. इनपुट मॅपमध्ये त्यासाठी ‘फिजिकल’ पर्याय आहे. तुमच्या खेळणाऱ्याने मराठीत नाव टाइप केले आणि इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालूच राहिला, तर डब्ल्यू, ए, एस, डी या कळांवर ‘ऐ’ची मात्रा, ‘ओ’ची मात्रा, ‘ए’ची मात्रा आणि हलन्त येतात. गेम अक्षराची वाट पाहत असेल तर पात्र जागचे हलणार नाही, आणि तुम्हाला तक्रार येईल की गेम लिनक्सवर अडकतो. प्रकाशनाआधी एकदा इन्स्क्रिप्ट चालू ठेवून पहिला टप्पा पूर्ण खेळून पाहा.